हार्नेस आहे, पण खाली जागा आहे का?

"बैठ्या छपरावर हार्नेस आणि दोर असला की पुरे," असं छपरावर काम करणारे बरेच जण म्हणतात. हार्नेस (अंगावर बांधायचे सुरक्षा पट्टे) हवाच, पण 'पुरे' काही पटत नाही. दोर 1.8 मीटर. पडल्यावर दोराला जोडलेल्या, झटका शोषणाऱ्या पाकिटातली पट्टी शिवण उसवत आणखी मीटरभर लांबते. पाठीवरच्या कडीपासून पावलांपर्यंत दीड मीटर, शिवाय थोडी शिल्लक जागा. म्हणजे अँकरच्या (दोर जिथे पक्का अडकवतो त्या आधाराच्या) खाली पाच मीटर तरी मोकळे हवेत. कडेजवळ अँकर आणि छप्पर चार मीटरवर असेल, तर झटका पुरता शोषला जायच्या आत जमीन येते!

अशा छपरावर पडूच न देणारा आखूड दोर बरा. आम्ही एकदा काम सुरू करण्याआधी तो अँकरला अडकवून नुसता आडवा पसरून पाहिला, तर टोक कडेबाहेर हातभर लोंबत होतं. तोवर सगळे निर्धास्त होते (मीसुद्धा). लांबी सगळ्यात जवळच्या कडेवरून ठरवायची. मग कोपऱ्यापर्यंत हात पोहोचत नाही आणि कोणीतरी हळूच दोर सैल करतो. तिथे दुसरा अँकरच लावा.