शब्दचर्चा : ‘कॉन्टेम्प्लेटिव्ह प्रेयर’ला मराठीत काय म्हणायचं?

सांगली

नमस्कार मंडळी. (आम्ही चर्चला ‘मंडळी’ म्हणतो, त्यामुळे हा नमस्कार मला दोन्ही अर्थांनी चालतो.) यंदा ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या, चारही रविवारी संध्याकाळी अर्धा तास गाईडेड कॉन्टेम्प्लेटिव्ह प्रार्थना घ्यायचं ठरलंय. एक जण लूकच्या शुभवर्तमानातला उतारा सावकाश वाचतो, मग थांबत थांबत दोन-चार वाक्यं बोलतो. बाकीचे डोळे मिटून तो प्रसंग पाहतात आणि शेवटी सगळे गप्प बसतात. प्रवचन नाही, मागणं नाही.

पुण्याहून पत्रकाचा मसुदा आलाय. त्यावर मथळा आहे, ‘आगमनकालीन मार्गदर्शित चिंतनात्मक प्रार्थना’. तो वाचून आमच्या एका आजींनी विचारलं, “परीक्षा बिरीक्षा आहे का?” मला आजींना कळेल असा मथळा हवाय. ‘कॉन्टेम्प्लेटिव्ह’, ‘गाईडेड’ आणि ‘ॲडव्हेंट’ या तिन्ही शब्दांवर अडलेय.

सातारा

ताई, ‘चिंतनात्मक’ आधी खोडा. ‘आत्मक’ लागलेला शब्द शासननिर्णयात शोभतो, पत्रकात नाही. आता चिंतन, मनन, ध्यान हे तिन्ही शब्द आपण एका दमात म्हणतो, पण ते एक नाहीत. श्रवण, मनन, निदिध्यासन हा क्रम उपनिषदापासूनचा आणि आमच्या सज्जनगडाच्या परिसरात तो अजून बोलण्यात आहे. आधी ऐकायचं, मग ऐकलेलं मनात घोळवायचं, मग त्यातच राहायचं. मनन म्हटलं की विचार आला. चिंतनात तर त्याच धातूतून आलेली चिंताही डोकावते.

तुम्ही वर्णन केलंय त्यात विचार करणं नाही, पाहणं आहे. त्यासाठी माझं मत ‘ध्यान’. आणि इथे योगवर्गातलं ध्यान आठवू नका, तुकोबांचं आठवा. ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी’ यात ध्यान ही डोळे मिटून करायची क्रिया नव्हेच. विटेवर उभं असलेलं जे रूप, तेच ध्यान. ज्याच्याकडे पाहत राहावं ते. घरात कोणी विस्कटलेल्या केसांनी आलं की “काय ध्यान आहे!” म्हणतो, तेही याच अर्थातून घसरत आलेलं. पाहणं आणि जे पाहायचं ते, दोन्ही एका शब्दात धरणारी सोय मराठीत आयती आहे. गोठ्यातलं बाळ हे तुमचं ध्यान.

मिरज

सर, समजावलंत छान, पण ‘ध्यान’ आमच्याकडे चालणार नाही. मी मिरजेची. वानलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये इथे काम सुरू केलं, त्या मिशन इस्पितळाच्या आवारात माझं बालपण गेलं आणि पुढे नोकरीही नर्सचीच केली. आमच्या जुन्या लोकांच्या कानाला ध्यान म्हणजे आसन, श्वास आणि मन रिकामं करणं. कॅथलिकांनाही ही धास्ती होतीच की. १९८९ मध्ये रोमहून बिशपांना खास पत्र गेलं होतं, की बसण्याची नि श्वासाची रीत म्हणजेच प्रार्थना असं समजू नका.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, शब्द आहे ‘मनन’. पहिल्या स्तोत्रात तोच आणि मेंढपाळ येऊन गेल्यावर मरीयेने या सगळ्या गोष्टींचं मनन करून त्या अंतःकरणात ठेवल्या, तिथेही तोच. नाताळच्या गोष्टीत खुद्द मरीयेच्या नावावर असलेला शब्द सोडून दुसरा कशाला?

आणि मनन म्हणजे नुसता विचार असं सरांनी म्हटलंय, ते स्तोत्रातल्या मननाला लागू नाही. आमच्या पाळकसाहेबांनी एकदा सांगितलं होतं, मूळ हिब्रू क्रियापद ‘हागा’ हे पुटपुटण्याचं आहे. यशयाच्या पुस्तकात शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहाला तेच क्रियापद आणि पारव्याच्या घुमण्यालाही तेच. वचन ओठांत घुमवत राहणं, ते मनन.

वाळवा

मावशी, तसं असेल तर आमच्याकडे त्याला रवंथ म्हणतात 😄

चेष्टा नाही. गाय भराभरा खाऊन घेते आणि मग निवांत बसून तेच परत चघळते. उताऱ्याचं तसंच करायचं ना?

पाचगणी

चेष्टा मुळीच नाही. जुने मठवासी लॅटिनमध्ये ‘रुमिनातिओ’ म्हणजे रवंथच म्हणत. बाराव्या शतकातल्या गिगो नावाच्या मठाधिकाऱ्याने वचनप्रार्थनेच्या चार पायऱ्या सांगितल्या, त्याही खाण्याच्याच भाषेत. वाचन म्हणजे घास तोंडात घेणं, मनन म्हणजे चावणं, प्रार्थना म्हणजे चव लागणं आणि कॉन्टेम्प्लेशन म्हणजे ती गोडीच. सांगलीच्या ताई, तुमचा शब्द या चौथ्या पायरीचा आहे. मिरजेच्या ताई दुसऱ्या पायरीवर उभ्या राहून बोलताहेत, म्हणून वाद होतोय.

पण तुम्ही जे घेणार आहात ते मला गिगोपेक्षा संत इग्नाती लोयोलांच्या वळणाचं वाटतं. त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ १५४८ मध्ये छापल्या गेल्या. त्यात मेडिटेशन आणि कॉन्टेम्प्लेशन हे दोन शब्द त्यांनी साधारणपणे वेगळे ठेवलेत. पहिल्यात आठवण, बुद्धी, इच्छा यांनी एखाद्या सत्यावर विचार. दुसऱ्यात प्रसंगातली माणसं बघायची, ती काय बोलतात ते ऐकायचं, काय करतात ते न्याहाळायचं. ख्रिस्तजन्माचा प्रसंग दुसऱ्या प्रकारात येतो. तिथे ते म्हणतात, आपण एक गरीब, अपात्र दास होऊन गोठ्यात हजर राहावं, पाहावं आणि लागेल ती सेवा करावी. शेवटी एखादा मित्र मित्राशी बोलतो तसं प्रभूशी बोलावं.

म्हणून मी सरांच्या बाजूची. हे सगुण ध्यान आहे. मन रिकामं करणं नाहीच, उलट गोठा, बाळ, योसेफ, सगळं भरून घेणं. एकच शब्द मनात धरून बाकी सगळं सोडून देण्याची रीत ख्रिस्ती परंपरेत आहे. बेनेडिक्टाइन संन्यासी जॉन मेन तर ‘मारानाथा’ हा अरामी शब्द सांगत, ‘आमच्या प्रभो, ये’. शब्द अगदी ॲडव्हेंटचा, पण रीत निर्गुणाकडची. ती वेगळी ठेवा, अर्ध्या तासात दोन्ही कोंबू नका.

सातारा

‘सगुण ध्यान’ हे पाचगणीच्या सिस्टरांनी नेमकं पकडलं. मिरजेच्या ताईंना एक आठवण करून देतो. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१७ मध्ये साताऱ्याला येऊन राहिले आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा त्यांनी इथूनच सुरू केला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत आणि ख्रिस्तावर अभंग लिहीत. अभंग चालला, भजन चाललं, कीर्तन चाललं, मग ध्यानानेच काय घोडं मारलंय?

आता ‘गाईडेड’. याला विशेषण शोधूच नका. इंग्रजीला ‘गाईडेड’ लावावं लागतं, मराठीत प्रयोजक क्रियापद आहे. हरिपाठ म्हणवून घेतात, पाढे पाठ करवून घेतात, तसं ध्यान करवून घेतात. पत्रकात सरळ लिहा, ‘अमुक बाई ध्यान करवून घेतील.’ ‘मार्गदर्शित’ म्हटलं की मला स्पर्धा परीक्षेचं केंद्र दिसतं. तुमच्या आजींना तेच दिसलं.

मिरज

सिस्टर कोण? आमच्याकडे सिस्टर म्हटलं की वॉर्डातली मीच 😊

घोडं मारलेलं नाही, पण टिळकांचे अभंग गाणारी माणसंही घरी ‘ध्यान’ म्हणत नाहीत, ‘प्रार्थनेला बसलो’ म्हणतात. शब्द शब्दकोशात असणं वेगळं आणि तोंडात असणं वेगळं. ‘करवून घेणे’ मात्र मान्य.

वाळवा

एक अडचण सांगतो. करवून घेणारा बोलणार काय? आमच्याकडे गेल्या वर्षी मोबाईलवरचं रेकॉर्डिंग लावलेलं. “बर्फ पडतो आहे, पाइनच्या झाडांचा सुगंध येतो आहे.” आता डिसेंबरात वाळव्यात पाइन कुठनं आणायचा? इथे गळीत हंगाम जोरात. पोरांना गव्हाण म्हणजे सांगायला लागत नाही, घरची आहे. गव्हाणीत उसाचं वाढं पडलेलं असतं, त्याचा हिरवा गोडसर वास, शेणाचा वास, दाव्याला हिसका देणारी म्हैस. माझं म्हणणं, हेच का सांगू नये? बीडकडनं आलेल्या तोडणीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, रानात पडलेल्या असतात, बाया दिवस भरत आले तरी ऊस तोडतात. ‘उतारशाळेत जागा नव्हती’ हे कळायला बेथलेहेमला जावं लागत नाही.

योहानातलं ‘शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली’ हे तर मला आमच्याच भागात लिहिल्यासारखं वाटतं. वस्ती म्हणजे रानातली चार घरं.

पाचगणी

‘वस्ती’बद्दल तुम्ही जे म्हणताय त्याला मूळ ग्रीकचाही आधार आहे. तिथलं क्रियापद तंबू ठोकून राहण्याचं आहे. कोपी अगदी जवळ जाते.

पण वाढं सांगू नका, आणि पाइन तर नाहीच नाही. इग्नातींचा मजकूर नीट वाचला तर ते चित्र पुरवत नाहीत, विचारतात. नासरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता मनाने पाहा : किती लांब, किती रुंद, सपाट की खोऱ्यांतून नि चढणींवरून? जन्माची जागा पाहा : मोठी की लहान, ठेंगणी की उंच, आत काय काय मांडलंय? उत्तर ज्याचं त्याने पाहायचं. सुरुवातीच्या सूचनांतच त्यांनी करवून घेणाऱ्याला बजावलंय की प्रसंग थोडक्यात सांग, पाल्हाळ लावू नकोस. कारण पुष्कळ माहिती मिळून जीव तृप्त होत नाही, आतून चाखल्याने होतो.

बैल नि गाढवसुद्धा लूकमध्ये नाहीत. ते यशयाच्या पहिल्या अध्यायातून आले आणि असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चोला जिवंत जनावरं आणून गोठा मांडला, तेव्हा पक्के झाले. म्हणून “बैल पाहा” असं न म्हणता “गोठ्यात आणखी कोण आहे?” एवढंच विचारावं आणि थांबावं. तुमच्या म्हशीला कोणी अडवणार नाही.

सांगली

हे फार उपयोगी पडलं. मी लिहिलेला मजकूर लगेच अर्धा कापला. आता असा आहे, पाहा :

“रात्र झाली आहे. दार कोणतं आहे, ते पाहा. … आत या. आधी कशाचा वास येतो? … गव्हाण कुठे आहे? … बाळंत्यात बाळ आहे. किती जवळ जावंसं वाटतं, तिथपर्यंत जा. … मरीया तुमच्याकडे पाहते. काही काम सांगते का?”

टिंबांच्या जागी मोठा विराम. ‘बाळंतं’ हा शब्द शास्त्रातलाच आहे, ‘बाळंत्याने गुंडाळून’. एका तरुण मुलीने तो बदलून ‘कापडात’ करू का विचारलं. मी नको म्हटलं. बाळंत्याला बाळाचा वास असतो, कापडाला नसतो.

मिरज

बाळंतं ठेवाच. आणि ‘काही काम सांगते का’ हे मला सगळ्यात आवडलं. मी तर पाणी तापवायला ठेवलं असतं.

ॲडव्हेंटबद्दल कोणीच बोललं नाही. ‘आगमनकाळ’ कॅथलिक छापतात, चुकीचा नाही, लॅटिन ‘आद्वेन्तुस’चा अर्थ येणं हाच आहे. पण आगमन म्हटलं की सांगलीत ढोलताशे आणि गणपतीच दारात. ते आगमन म्हणजे आलाच. इथे अजून यायचाय. ३० नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारपासून नाताळापर्यंत जे चालतं ते वाट पाहणं. मी जन्म बाळंतपणाच्या वॉर्डात काढला, म्हणून मला तर हा सरळ मरीयेचा नववा महिना दिसतो. लूकमध्येही तिचे दिवस पूर्ण भरले असंच आहे. पौलाचं ‘काळाची पूर्णता झाली’ हेही त्याच जातीचं. ‘दिवस भरत आले’ यापेक्षा ॲडव्हेंटला चांगलं मराठी मला तरी सुचत नाही.

सातारा

वा! पंचेचाळीस मिनिटांच्या तासाला मी वर्गात जे सांगू शकलो नसतो ते ताईंनी दोन शब्दांत सांगितलं. मथळ्याला हेच घ्या.

पाचगणी

मथळ्याला घ्या, पण खाली बारीक अक्षरांत ‘आगमनकाळ’ राहू द्या, नाहीतर पंचांग पाहणाऱ्यांचा घोटाळा होईल.

सांगली

मग पत्रक असं : वर ‘दिवस भरत आले’. खाली, ‘आगमनकाळातील चार रविवार, संध्याकाळी सहा. शास्त्रवाचन आणि गव्हाणीपाशी ध्यान. ध्यान करवून घेतलं जाईल, कोणाला काही बोलावं लागणार नाही.’ शेवटचं वाक्य आजींसाठी.

मिरज

मी येईन. ‘ध्यान’ खोडून माझ्या प्रतीवर ‘मनन’ लिहीन.

सांगली

लिहा मावशी, पेन्सिल मी देते.

जाता जाता शेवटचा अडलेला शब्द. चार मेणबत्त्या लावतो ते हिरव्या डहाळ्यांचं कडं, ॲडव्हेंट रीथ. मसुद्यात त्याला ‘पुष्पचक्र’ केलंय.

सातारा

पुष्पचक्र वाहतात हो, श्रद्धांजलीला! फुलंही नाहीत त्यात.

पाचगणी

हँबुर्गच्या विखर्न नावाच्या पाळकाने अनाथ मुलांना नाताळला किती दिवस राहिले ते कळावं म्हणून १८३९ मध्ये गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, तिथून ते आलं. आता चारच लावतात, बऱ्याच ठिकाणी तीन जांभळ्या नि तिसऱ्या रविवारची गुलाबी. ‘चक्र’ ठेवायला हरकत नाही, ‘पुष्प’ काढा.

वाळवा

आडवं ठेवतात ना टेबलावर? मग चुंबळ म्हणा की.

मिरज

चुंबळीवर घागर ठेवतात रे, मेणबत्ती नाही.

वाळवा

शब्द कळला ना पण सगळ्यांना?