टीए (टीचिंग असिस्टंट) लोकांसाठीचं वर्कशॉप: दोन दिवस द्यावेत का?

बार्देसची_केमिस्ट
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. मी केमिस्ट्रीत पीएचडी करतेय, कोर्सवर्क संपलं आणि या टर्मपासून एमएससी पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल्स माझ्याकडे आलीत, शिवाय आठवड्याला एक ट्युटोरियल, जर्नलं (प्रयोगवह्या) तपासायची आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, सरांबरोबर बसायचं. काम नको असं अजिबात नाही, मला शिकवायला आवडतं आणि पुढे कॉलेजातच जायचंय. पण शिकवायचं कसं हे आम्हाला कोणी कधी सांगितलेलंच नाही. बॅचमधली बरीच मुलं माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच लहान, काहीजण तर कॉलेजात माझे ज्युनियर होते, त्यांना गॉगल घाला म्हणून सांगताना किती कडक व्हायचं तेच कळत नाही.

आता टीए आणि रिसर्च स्कॉलर लोकांसाठी दोन दिवसांचं वर्कशॉप जाहीर झालंय. पत्रकात उद्घाटन, प्रभावी अध्यापनावर व्याख्यान, ब्लूमची टॅक्सॉनॉमी (शिकण्याच्या पातळ्यांची मांडणी), आयसीटी म्हणजे संगणक-इंटरनेटची टूल्स, समारोप आणि सर्टिफिकेट एवढं दिसतंय. गाईड म्हणतात त्यापेक्षा दोन दिवस एनएमआरचे (रेणूंची रचना तपासायच्या यंत्राचे) स्लॉट घे. ज्यांनी अशी वर्कशॉप्स केलीत त्यांना विचारायचंय, लॅबमध्ये उभं राहिल्यावर त्यातलं नेमकं काय कामाला येतं? आणि जर्नलला मार्क देताना सगळ्या टीएंचं एकसारखं कसं ठेवता? आमच्याकडे मुलं आपापसात जर्नलं ताडून बघतात आणि मग थेट विचारायला येतात.

फोंडेंकार
मी आता एका कॉलेजात शिकवतो, त्याआधी गोव्याबाहेर एका इंजिनिअरिंग संस्थेत टीए होतो, तिथे फेलोशिप घ्यायची तर आठवड्याला ८ तास हे काम करावंच लागायचं. माझा अनुभव असा की वर्कशॉपमध्ये तुम्हाला स्वतःला उभं करून शिकवायला लावत असतील तर डोळे मिटून जा, आणि दोन्ही दिवस नुसती खुर्चीत बसून भाषणं ऐकायची असतील तर आधी समन्वयकांशी बोला.

मायक्रोटीचिंग, म्हणजे सहकाऱ्यांसमोर छोटासा पाठ घेऊन लगेच त्यांचं मत ऐकायचं, हा शब्द तुमच्या पत्रकात दिसत नाही आणि खरं तर तोच मुख्य भाग असायला हवा. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये ही पद्धत निघाली, आपल्याकडे बीएडवाल्यांना ती तोंडपाठ असते पण एमएससी करून पीएचडीला आलेल्यांच्या वाट्याला ती येतच नाही. एनसीईआरटीचं जे मॉडेल आहे त्यात एक फेरी ३६ मिनिटांची: ६ मिनिटं शिकवायचं, ६ मिनिटं इतरांनी काय दिसलं ते सांगायचं, १२ मिनिटं पाठ पुन्हा बांधायचा, परत ६ मिनिटं शिकवायचं आणि परत ६ मिनिटं ऐकून घ्यायचं. खरा फायदा त्या दुसऱ्यांदा शिकवायच्या सहा मिनिटांत आहे आणि वेळ कमी पडला की आयोजक नेमकं तेच कापतात, ते कापू देऊ नका. आणि एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं, म्हणजे फक्त प्रश्न विचारणं, किंवा फक्त फळ्याचा वापर.

उदाहरण तुमच्याच विषयातलं देतो, पाण्याच्या कडकपणाचं ईडीटीए टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटमधून ईडीटीए थेंबथेंब सोडून कडकपणा मोजायचा. साधारण टीए काय करतो तर प्रोसिजर वाचून दाखवतो, पीएच १० चा बफर घाला, एरिओक्रोम ब्लॅक टी हा इंडिकेटर घाला, रंग वाईन रेडचा निळा झाला की थांबा, आणि मुलं तसंच करतात आणि व्हायवाला बफर कशाला घातला विचारलं की एकदम शांत. त्याऐवजी ब्युरेट भरायच्या आधीच विचारायचं, बफर घातलाच नाही तर काय होईल? एक मिनिट आपापलं वहीत लिहा, मग शेजारच्याशी बोला, मग मी कोणालाही उठवीन. यालाच थिंक-पेअर-शेअर म्हणतात, अमेरिकेत फ्रँक लायमन यांनी १९८१ साली मांडलेली साधी गोष्ट, पण प्रश्न विचारून झाल्यावर गप्प राहायची सवय असावी लागते आणि ती सवय वर्कशॉपमध्येच लागू शकते, कारण समोर आपलेच सहकारी असतात. घरून विहिरीचं नाहीतर नळाचं पाणी बाटलीत आणायला सांगा, आपल्या गावच्या पाण्याचा आकडा काढायचा म्हटलं की मुलं टायट्रेशन दुसऱ्यांदा स्वतःहून करतात, हे मी बघितलंय.

म्हापसेकर_७
मी जरा वेगळं सांगतो, राग मानू नका. दोन दिवसांच्या वर्कशॉपने कोणी शिक्षक होत नाही. तुमच्या विभागात जे कोणी खरोखर चांगलं शिकवतात त्यांना विचारून त्यांच्या क्लासला मागच्या बाकावर बसा, ते कधी थांबतात, कोणाला नावाने हाक मारतात, चुकीचं उत्तर आलं तर काय म्हणतात ते लिहून घ्या, आणि मग त्यांनाच तुमच्या ट्युटोरियलला पंधरा मिनिटं येऊन बसायला सांगा. सर्टिफिकेट फाईलला लागेल, पण शिकायला असं मिळतं. वर्कशॉपला जाऊच नका असं नाही म्हणत.

सत्तरीची_लेक
इथे एका गोष्टीवर कोणी बोललं नाही आणि माझ्या मते गोव्यात तीच सगळ्यात मोठी आहे, भाषेची. माझी स्वतःची प्रायमरी मराठीतून झाली, पाचवीपासून एकदम इंग्रजी, आणि वाळपई, धारबांदोडा, काणकोण इकडून येणाऱ्या कितीतरी मुलांचं अगदी असंच असतं. त्यांना उत्तर येतं हो. बफर पीएच धरून ठेवतो हे ती एकमेकांना कोंकणीत व्यवस्थित समजावतात आणि तीच मुलं इंग्रजी व्हायवाला मान खाली घालतात, आणि मार्क जातात ते केमिस्ट्रीचे. मी बायोटेकमध्ये टीए होते तेव्हा बॅचमध्ये फिरताना कोंकणी-मराठीतून विचारायचे आणि उत्तर बरोबर आलं की म्हणायचे, आता हेच इंग्रजीत दोन वाक्यांत सांग, मोडकंतोडकं चालेल. टर्म संपेपर्यंत तीच मुलं व्हायवाला आपणहून बोलायला लागली.

पण बॅचमध्ये केरळची, कर्नाटकातली मुलं पण असतात, त्यांना कोंकणी कळत नाही, मग त्यांना वाटतं मॅडम आपल्या लोकांनाच सगळं सांगतात, आणि तसं वाटणं बरोबरच आहे. म्हणून सगळ्यांसाठी जे सांगायचं, खास करून सेफ्टीचं, ते आधी इंग्रजीत आणि फळ्यावर लिहून, मग टेबलाटेबलावर ज्याला जी भाषा जमते ती. बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांना हे माहीत नसतं, त्यामुळे तुम्हीच तिथे हात वर करून विषय काढा. हे कुठेतरी बोललं जायलाच हवं असं मला फार वाटतं.

बार्देसची_केमिस्ट
सत्तरीची_लेक, ताई हे वाचून खूप बरं वाटलं, अगदी हेच रोज दिसतं मला. फोंडेंकार सर, मार्कांचं राहिलं बघा. आणि मुलं रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर डाउट विचारतात, रीडिंगचे फोटो पाठवतात, त्याचं काय करायचं?

फोंडेंकार
हो, राहिलंच. मार्कांसाठी सगळ्या टीएंनी एकत्र बसायचं, दुसरा उपाय नाही. नावं झाकून पाच-सहा जर्नलांच्या झेरॉक्स काढा, प्रत्येकाने न बोलता वेगवेगळे मार्क द्यायचे आणि मग पानं शेजारी ठेवायची. एकाच जर्नलला कोणी १० पैकी ८ दिलेले असतात कोणी ५, कारण एकजण नीटनेटकेपणा बघतो, एकजण जुळणारी रीडिंग्ज बघतो आणि एकजण फक्त शेवटचा आकडा. तिथे भांडून ठरवा, रीडिंगला किती, गणिताला किती, चूक कुठे झाली असेल ते लिहिलं असेल तर किती, आणि ठरलेलं टर्मच्या सुरुवातीलाच लॅबच्या दारावर लावा. मग विचारायला येणाऱ्या मुलाला त्या कागदाकडे बोट दाखवता येतं. मी तर म्हणेन कुठल्याही टीए वर्कशॉपचा अर्धा दिवस यालाच द्यावा.

व्हॉट्सअ‍ॅपचं सोपं आहे, एकट्याला उत्तर द्यायचं नाही, प्रश्न ग्रुपवर टाकायला सांगायचा आणि आठवड्यातला एक तास ठरवून लॅबमध्येच बसायचं. एकाला खाजगीत सांगितलेली गोष्ट बाकीच्यांवर अन्याय होते आणि तुमचं वय त्यांच्या जवळचं असताना हे पहिल्याच दिवशी स्पष्ट केलेलं बरं.

मडगांवचो_मास्तर
निवृत्त आहे, अशा कार्यक्रमांचं आयोजन बरीच वर्षं केलंय म्हणून दोन गोष्टी सांगतो. बाय, गाईडना सांग की यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांप्रमाणे कुठल्याही शाखेच्या स्कॉलरने आपल्या विषयाच्या अध्यापनाचं आणि लेखनाचं प्रशिक्षण घेणं अपेक्षितच आहे, आणि ट्युटोरियल, लॅब, मूल्यमापन यासाठी आठवड्याला ४ ते ६ तासांचं काम देता येतं असंही त्यातच आहे. म्हणजे काम देणार आणि प्रशिक्षणाला सोडणार नाही हे बरोबर बसत नाही. हे भांडणाच्या सुरात नको, नियमाची प्रत पुढे ठेवून शांतपणे बोल, एनएमआरचा स्लॉट पुढच्या आठवड्यात पण मिळतो.

पुढे नोकरी लागल्यावर फॅकल्टी इंडक्शन प्रोग्रॅम असतोच, साधारण महिनाभराचा, पण तोवर हातून कितीतरी बॅचा गेलेल्या असतात. वाट बघू नये. एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या सरकारी पोर्टलवर अध्यापनावरचे कोर्स फुकट बघता येतात, पैसे फक्त परीक्षेला बसायचं तर.

दुसरं, पत्रक छापलं म्हणजे कार्यक्रम पक्का झाला असं नसतं. चार-पाच टीएंनी सही करून एक साधी मेल पाठवा की उद्घाटन आटोपशीर ठेवून आम्हाला मायक्रोटीचिंग आणि जर्नल तपासणीचं सत्र हवंय. आमच्याकडे अशी मेल आली की आम्हाला उलट आनंदच व्हायचा, कारण एरवी स्कॉलरना काय हवंय हे कोणी सांगतच नाही.

बार्देसची_केमिस्ट
देव बरें करूं सगळ्यांचं. मेल लिहिली, फिजिक्स आणि बॉटनीचे टीए पण सही करतायत, भाषेचा मुद्दा त्यात वेगळा घातलाय. गाईडशी उद्या बोलते. जर्नलांच्या झेरॉक्स मात्र वर्कशॉपची वाट न बघता याच शनिवारी काढतोय, झूवॉलॉजीवाल्या कोणाला बसायचं असेल तर सांगा, खुर्च्या आहेत.