रेड हाउसच्या विटा ‘उघड्या’ म्हणायच्या का?

प्रश्न : रेड हाउसवर लेख लिहितेय. इंग्लंडचे वास्तुकार फिलिप वेब यांनी १८५९-६० मध्ये मित्र, कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस यांच्यासाठी उभारलेलं लाल विटांचं घर. तेव्हा ते केंटमधल्या फळबागांत होतं, आज लंडनच्या बेक्सलीहीथ उपनगरात आहे. भिंतींना बाहेरून गिलावा नाही. मी ‘उघड्या विटांचं घर’ लिहिलं, तर आई म्हणाली, “का गं, पैसे संपले होते त्यांचे?” काय लिहू?

प्रतिसाद : आईंनी नेमकं पकडलंय. उघडं अंग, उघड्यावर पडलेला संसार; या शब्दाला उणेपणा चिकटलेलाच आहे. तिथे तर उलट होतं. वीट गिलाव्याखाली झाकून दगडाचा आव आणायची तिथल्या ऐपतदार घरांची रीत, ती वेब यांनी नाकारली.

गवंड्यांचा शब्द घ्या : दरज. दोन विटांमधली फट ती दरज. गिलावा करायचा असला की गवंडी सांधे खरवडून ठेवतो, पकड मिळावी म्हणून. करायचा नसला की तेच सांधे मसाल्यानं भरून घोटतो, पाणी आत जाऊ नये म्हणून. ‘दरजा भरलेल्या विटांचं घर’ म्हटलं की काम पुरं झालंय हे कळतं.

प्रतिसाद : दरज छानच, पण शहरातल्या वाचकाला अडेल. मी ‘नुसत्या विटांचं’ म्हणेन. आणि ‘कमानदार खिडक्या’ टाळा. तिथे टोकदार कमान भिंतीत आहे, विटांचीच. तिच्या पोटात साधी वरखाली सरकणारी चौकोनी खिडकी. ‘कमानीखालची खिडकी’ म्हणा. ‘कौलारू’ म्हटलं तर मंगलोरी कौलं डोळ्यांपुढे येतात, म्हणून ‘चपट्या कौलांचं’ लिहा.

प्रश्नकर्ती : आणि ‘लिस्टेड’ला, म्हणजे जपणुकीसाठी तिथल्या सरकारी यादीत घेतलेल्या इमारतीला, ‘सूचीबद्ध’ म्हणू?

प्रतिसाद : नको, शेअर बाजार आठवतो. तिथे अशा घराची मूळ खिडकी परवानगीशिवाय बदलली तर फौजदारी गुन्हा होतो. हा धाक ‘सूची’त नाही, ‘संरक्षित’मध्ये आहे. श्रेणी मात्र सांगा. मुंबईत १९९५ च्या नियमांपासून ‘हेरिटेज ग्रेड वन’ कानावर आहेच. रेड हाउसही तिथल्या पहिल्याच श्रेणीत आहे.

प्रश्नकर्ती : मग असं करते : ‘दरजा घोटून भरलेल्या नुसत्या लाल विटांचं, पहिल्या श्रेणीतलं संरक्षित घर.’ आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “हं, आता मुद्दाम ठेवलंय तसं वाटतं.”