ॲनिमे मांगाशी प्रामाणिक असलं म्हणजे चांगलं होतं का? पाच मालिकांबद्दल माझी मतं

शाईची बाटली (धागाकर्ता)

स्पॉयलर भरपूर आहेत. फुलमेटल अल्केमिस्ट, डेथ नोट, हंटर एक्स हंटर, डीमन स्लेयर आणि इव्हँगेलियन पाहिलं नसेल तर आधी ते पाहा.

मांगा म्हणजे जपानी कॉमिक, ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन. "मांगात आहे अगदी तसंच दाखवलंय" ही ॲनिमेची सर्वात मोठी स्तुती समजली जाते. मला ते पटत नाही. मांगा वाचताना वेग वाचकाच्या हातात असतो, एखाद्या पानावर तो हवा तितका रेंगाळू शकतो. ॲनिमेत वेग दिग्दर्शक ठरवतो. ओपनिंग आणि एंडिंगची दीड-दीड मिनिटं वजा केली की त्याच्याकडे भागामागे साधारण एकवीस मिनिटं उरतात. ती त्याने कुठे खर्च केली, यावर मालिका उभी राहते किंवा पडते.

फुलमेटलची 2003 ची मालिका (51 भाग) मला त्याच मांगावरच्या 2009 च्या ब्रदरहूडपेक्षा (64 भाग) सरस वाटते. लष्करी अधिकारी ह्यूज ब्रदरहूडमध्ये दहाव्या भागात मरतो, 2003 मध्ये पंचविसाव्या. तोवर मुलीचे फोटो दाखवत फिरणारा हा माणूस आपल्या सवयीचा झालेला असतो, म्हणून त्याचं जाणं लागतं. टकरच्या लहान मुलीचं, नीनाचंही तसंच. ब्रदरहूडमध्ये ती चौथ्या भागात येते आणि त्याच भागात संपते. 2003 मध्ये एड आणि अल हे दोघे नायक भाऊ सरकारी अल्केमिस्टच्या परीक्षेच्या तयारीसाठी टकरच्या घरीच राहतात.

डेथ नोटचा उत्तरार्ध फसला, याचं खापर सगळे नियर या एलनंतर आलेल्या गुप्तहेरावर फोडतात. आकडे पाहा. मुख्य गुप्तहेर एलच्या मृत्यूपर्यंत मांगाची 58 प्रकरणं होतात आणि त्यांना 25 भाग मिळाले. उरलेली 50 प्रकरणं 12 भागांत कोंबली, त्यातला 26 वा बराचसा उजळणीत जातो. भागामागे दोन-सव्वादोन प्रकरणांचा वेग एकदम चारच्या वर गेला, मग नियर आणि त्याचा प्रतिस्पर्धी मेलो डोक्यात बसणार कसे? उलट 25 व्या भागातला पावसाचा प्रसंग, एल नायक लाइटचे पाय पुसतो तो, मांगात नाहीच. तरीही मालिकेतला सर्वोत्तम प्रसंग तोच.

हंटर एक्स हंटर (2011) मधला कायमेरा अँट टप्पा, भाग 76 ते 136, संथ आहे आणि तो तसाच हवा. डीमन स्लेयर देखणं आहे, पण लढाई थांबवून पात्रं स्वतःच्या मनातलं बोलत बसतात आणि राक्षस मरता मरता त्याची करुण कहाणी येते. हा साचा तिसऱ्यांदा आला की परिणाम उरत नाही. इव्हँगेलियनचे 25 आणि 26 हे भाग हाच त्या मालिकेचा खरा शेवट. 1997 चा एंड ऑफ इव्हँगेलियन हा चित्रपट जोड म्हणून पाहावा.

चौथी चौकट

ब्रदरहूडबद्दल पूर्ण असहमत. सुरुवात घाईची आहे, मान्य. यूसवेल खाणीचं प्रकरण तर गाळलंच, ते पुढे योकी या पात्राच्या आठवणीत उरकलं. पण मालिका पहिल्या दहा भागांवर तोलायची नसते. 2003 मध्ये मांगा निम्माही झालेला नव्हता, त्यामुळे त्या मालिकेला शेवट स्वतः रचावा लागला. तो काय रचला? अल्केमीच्या दाराच्या पलीकडे आपलंच जग, पहिल्या महायुद्धातलं लंडन! कथेच्या नियमांत त्याची तयारी जवळजवळ नाही. ब्रदरहूडमध्ये देशभर खोदलेलं रूपांतरण-वर्तुळ, ब्रिग्जचा किल्ला, एडने शेवटी मोजलेली किंमत हे सगळं एकमेकांत अडकलेलं आहे, कारण लेखिकेच्या डोक्यात अख्खा आराखडा होता.

आणि प्रामाणिकपणाने ॲनिमे बिघडतं म्हणता, तर मॉन्स्टर पाहा. 74 भाग, मांगाला धरून, आणि वेग कुठेही चुकत नाही.

शाईची बाटली

मॉन्स्टर माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. तो मांगा 2001 मध्ये संपला, मालिका 2004 मध्ये आली. 162 प्रकरणं समोर होती, म्हणून भागामागे दोन-सव्वादोन असा वेग शेवटपर्यंत सांभाळता आला. तिथे प्रामाणिकपणापेक्षा नियोजन कामाला आलं. शेवटाबद्दल मात्र मी मागे हटत नाही. 2003 मध्ये होमन्क्युलस, म्हणजे कृत्रिम माणसं, फसलेल्या मानवी रूपांतरणातून जन्मतात. स्लॉथ ही एडने आणि अलने परत आणायचा प्रयत्न केलेली आई. म्हणजे शत्रू हा त्यांच्याच गुन्ह्याचा परिणाम. ब्रदरहूडमध्ये ते फादर या खलनायकाच्या अंगातून निघालेले तुकडे आहेत; नायकांशी त्यांचं तसं नातं उरत नाही.

कोरा सेल

डीमन स्लेयरला केवळ "देखणं" म्हणून बाजूला सारणं अन्यायाचं आहे. 19 व्या भागाचा शेवट पाहा. हाताने काढलेली पात्रं, त्रिमितीय पार्श्वभूमी, प्रकाश आणि धूर हे थर युफोटेबल एकाच स्टुडिओत जुळवतं. त्यामुळे कॅमेरा नायक तानजिरोभोवती फिरतो तेव्हा पात्र पार्श्वभूमीवर चिकटवल्यासारखं दिसत नाही. मांगातलं ते पान साधंच आहे. तुमच्याच कसोटीने बघा: दिग्दर्शकाने वेळ नेमका तिथेच खर्च केला.

विषय निघालाच आहे तर एक सूचना. टीव्हीवर ॲनिमे पाहताना मोशन स्मूदिंग बंद ठेवा. सेकंदाला 24 फ्रेम असल्या तरी बहुतेक वेळा एक चित्र दोन किंवा तीन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे प्रत्यक्षात 12 किंवा 8 चित्रं. ठोसा बसायच्या आधी चित्र मुद्दाम थोडं जास्त धरतात आणि मग झटक्यात सोडतात. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून तो झटका पुसून टाकतो, रेषाही वितळल्यासारख्या दिसतात. 60 फ्रेमच्या "सुधारित" क्लिप याच कारणाने वाईट असतात.

डीमन स्लेयरचा मुगेन ट्रेन हा टप्पा 2020 चा चित्रपट आणि 2021 मधले सात भाग अशा दोन रूपांत आहे. भागांमधला पहिला नवा आहे, बाकी तेच. चित्रपट घ्या.

शाईची बाटली

19 वा भाग उत्तमच आहे. माझा आक्षेप लेखनावर आहे आणि चित्रणाने तो झाकला जात नाही. हाशिरा ट्रेनिंगमध्ये मांगाचा छोटासा टप्पा 8 भागांत ताणला, तिथे कितीही थर जुळवले तरी कथा जागची हलत नाही.

निवेदक नको

मग कायमेरा अँटला वेगळा न्याय का? 111 व्या भागापासून महालावर हल्ला सुरू होतो आणि निवेदक तोंड बंदच ठेवत नाही. पडद्यावर घाबरलेला चेहरा दिसतोय, वर निवेदक सांगतो की तो घाबरला आहे. 2011 च्या मालिकेत मॅडहाउस स्टुडिओकडे अभिनय दाखवणारे चित्रकार होते, त्यांच्यावर विश्वास ठेवायला हवा होता. 61 भागांपैकी दहा तरी सहज कमी झाले असते.

शाईची बाटली

हल्ल्यात एकाच क्षणी सात-आठ जण वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे हिशेब करतात. चेहऱ्यावरून भीती कळते, हिशेब कळत नाही. त्यासाठी निवेदक लागतो. मुंग्यांचा राजा मेरुएम आणि कोमुगी यांच्या गुंगी या पटावरच्या खेळाच्या डावांना मिळालेला वेळ कापून दाखवा, राजाचा शेवट पोकळ होईल.

चौथी चौकट

इव्हँगेलियनचं राहिलं. चित्रपट "जोड" कसा? त्याच्या दोन भागांना नावंच 25' आणि 26' अशी दिली आहेत. क्रम असा ठेवा: भाग 1 ते 24, त्यातले 21 ते 24 वाढवलेल्या आवृत्तीत, मग 25-26, मग एंड ऑफ इव्हँगेलियन. मार्च 1997 चा डेथ अँड रीबर्थ वगळा. त्यात उजळणी आणि पुढच्या चित्रपटाचा तुकडा आहे. 24 व्या भागात नायक शिंजी कावोरूला आपल्या इव्हा यंत्राच्या हातात धरून जवळपास मिनिटभर स्थिर राहतो, फक्त बेथोवेन चालू असतं. त्यानंतर थेट 25 व्या भागातली खुर्चीवरची प्रश्नोत्तरं हा पुरेसा शेवट नाही.

कोरा सेल

नवख्यांसाठी मधला मार्ग: फुलमेटल 2003 चे पहिले 25 भाग पाहा, मग ब्रदरहूडच्या अकराव्यावर उडी मारा. ह्यूजही मिळेल आणि मांगाचा शेवटही.

शाईची बाटली

ही जोडणी चालत नाही. ब्रदरहूडमध्ये स्कार हा मारेकरी टकरला चौथ्या भागातच मारतो. 2003 मध्ये टकर पाचव्या प्रयोगशाळेत जिवंत भेटतो. बॅरी या खुन्याची पहिली गाठही वेगळी, 2003 मध्ये तो भावांची मैत्रीण विनरीला पळवतो. अकराव्या भागाला प्रेक्षक भलत्याच आठवणी घेऊन पोचेल. 2003 पूर्ण पाहा, मध्ये दुसरी एखादी मालिका घ्या, मग ब्रदरहूड पहिल्या भागापासून.