वाचायला शांत जागा लागते, की नुसता निर्धार?

कोरा_कागद
"ज्याला वाचायचंय तो गोंगाटातही वाचतो, शांत जागा हे आळशी माणसाचं निमित्त," असं परवा इथे कुणीतरी लिहिलं. ते इतकं खटकलं की सविस्तर लिहितोय. आज गोंगाट पडद्यावरच असतो, आणि तिथलं न संपणारं स्क्रोल आपोआप उगवलेलं नाही. २००६ मध्ये एझा रास्किन या डिझायनरने ते तयार केलं आणि पुढे त्याबद्दल जाहीर खंतही व्यक्त केली. पान संपलं की माणूस थांबतो, उठायचं की नाही ते ठरवतो. तो थांबाच काढून टाकल्यावर निर्धाराचे धडे कुणाला देताय? लेख ब्राउझरच्या रीडर व्ह्यूमध्ये उघडून बघा. जाहिराती, बाजूच्या पट्ट्या, 'हेही वाचा', सगळं जातं. दीर्घ लेख वाचायची माझी सवय त्यामुळेच परत आली.

ठाम_मत
ते वाक्य माझं आहे आणि मी त्यावर ठाम आहे. मी अख्खा अभ्यास टीव्ही चालू असलेल्या खोलीत केला. माझा एक मित्र कादंबरी लिहिणार म्हणून लेखनाची अ‍ॅप बदलत राहिला. प्रत्येकात अक्षरांचा आकार ठरवला, पार्श्वभूमीचा रंग ठरवला. पहिलं प्रकरण अजून झालेलं नाही.

टाचणवही
दोघंही मूळ गोष्ट सोडून भांडताय. वाचायची-लिहायची जागा कुणाच्या मालकीची, हे बघा. वेगवेगळ्या साइटचे लेख एकत्र वाचायचं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं, लेख नंतर वाचायला साठवून ठेवायचं पॉकेट ८ जुलै २०२५ ला. आरएसएस, म्हणजे साइटवरचे नवे लेख फीडमधून आपल्यापर्यंत आणायचं तंत्र, मात्र १९९९ पासून टिकलंय, कारण फीड ही साइटवरचीच एक फाइल असते, कुठल्याही रीडरमध्ये टाका. आणि लिहायचं ते साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, स्वतःच्या संगणकावर. ती कधीही उघडते.

जुनी_फाइल
कधीही उघडते? माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर आठवणी टाइप केल्या, युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये. संगणक बदलला, फाइल उघडली, तर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. वडील आता नाहीत.

टाचणवही
वाईट वाटलं. पण दोष फॉन्टचा आहे, फाइलचा नाही. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. मजकूर शाबूत आहे, तो युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर लावा.

जुनी_फाइल
लावले हो! पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर, रफार तिसऱ्याच ठिकाणी. कुठला कन्व्हर्टर लावायचा हे कळायला आधी फॉन्ट कुठला ते कळायला हवं, आणि तुमच्या त्या साध्या फाइलमध्ये ते लिहिलेलंच नसतं. 'दोष फाइलचा नाही' म्हणून तुम्ही मोकळे झालात. माझ्याकडे वडिलांचं दुसरं काही लिहिलेलं नाही.

ठाम_मत
विषय काय होता, चाललंय काय?

कोरा_कागद
चालू द्या त्यांचं, ते जास्त महत्त्वाचं आहे. तुम्ही मला एवढंच सांगा, तो टीव्ही तुम्हाला दर थोड्या वेळाने नावानिशी हाक मारत होता का? नोटिफिकेशन मारतं.

ठाम_मत
नोटिफिकेशनचं मान्य. ती मीही बंदच ठेवतो. बाकी एकही शब्द मागे घेणार नाही.

टाचणवही
@जुनी_फाइल, टेक्स्ट फाइलमध्ये फॉन्टचं नाव राहत नाही, हा तुमचा मुद्दा बरोबर आहे. जुन्या संगणकावर त्याच मजकुराची वर्डमधली प्रत असेल तर ती शोधा. फॉन्ट बसवलेला नसला तरी वर्डमध्ये त्याचं नाव दिसतं. नाव मिळालं की इथे टाका, वेलांट्या दुरुस्त करायला मी बसतो तुमच्याबरोबर.