माजी विद्यार्थ्यांना कृतघ्न म्हणण्याआधी

खान्देशकन्या
काल बॅचच्या ग्रुपवर एक पोस्ट आली. नंदन निलेकणींनी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी दिले, आधीचे ८५ धरून ४०० झाले. आणि आपले माजी विद्यार्थी? स्नेहमेळाव्याला येतात, जेवतात, फोटो काढतात, जातात. मराठी माणूस कृतघ्न, असा एकूण सूर. खाली अंगठ्यांची रांग. मला ते सहन झालं नाही.

आमच्या कॉलेजला माझी आठवण येते ती नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणारी, टीम येणार असली की. फोन येतो, "मॅडम, माजी विद्यार्थी संघाच्या सभेच्या इतिवृत्तावर सही हवी होती." सभा कधी झाली? झालेलीच नाही. तरीही आमच्या बॅचनं पैसे जमवले होते, रसायनशास्त्राच्या लॅबसाठी. आमच्या वेळी ब्युरेटच्या तोट्या गळायच्या, व्हॅसलीन चोपडून टायट्रेशन उरकायचो. त्या पैशांतून काय झालं? प्रवेशद्वाराची कमान, वर संस्थेच्या अध्यक्षांच्या वडिलांचं नाव. हिशेब विचारला तर "ते संस्था बघते".

आयआयटीच्या १९९८ च्या बॅचनं रौप्यमहोत्सवाला ५७ कोटी दिले, कारण तिथे मागणारं स्वतंत्र कार्यालय आहे आणि पैसा कुठे गेला ते कळतं. देणाऱ्याला शिव्या घालण्याआधी घेणाऱ्यानं पावती द्यायला शिकावं.

तासिकावाला
ताई, राग समजतो, पण मुद्दा चुकलाय. अनुदानित कॉलेज चालवणं शासनाचं काम आहे. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि माझ्यासारखे नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास झालेले वर्षानुवर्षं तासावर राबतायत. मानधन येतं ते महिनोन्‌महिने थकून, उन्हाळ्यात तेही नाही. उद्या तुम्ही लॅब बांधून दिलीत की शासन म्हणेल, चाललंय की! मग कायमचं विसरा.

माटुंगेकर
दोघांशीही असहमत. आमची माटुंग्याची आयसीटी, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्था, काही केंद्राची आयआयटी नाही. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून, यूडीसीटी या नावानं सुरू झालेली संस्था. २०२५ मध्ये मुकेश अंबानींनी तिला १५१ कोटी दिले, प्रा. एम. एम. शर्मांना गुरुदक्षिणा म्हणून आणि कोणतीही अट न घालता. माणूस कार्यालयाला देत नाही, शिकवणाऱ्याला देतो. तुमच्या कॉलेजात असे सर नव्हते का?

खान्देशकन्या
होते. गणिताचे सर घरी बोलावून फुकट शिकवायचे. त्यांच्या नावानं बक्षीस ठेवायला गेलो तर "नियमात बसत नाही". आणि माझ्या बॅचमध्ये अंबानी नाहीत हो, झेडपीचे शिक्षक आहेत, दोन-दोन हजार काढतात. अट न घालणं त्यांना परवडत नाही.

न्यूजर्सीकर
मला द्यायचेत. पण मी नागरिकत्व बदललं, त्यामुळे माझा पैसा परदेशी देणगी ठरतो आणि कॉलेजकडे एफसीआरए नोंदणी, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी, नाही. भावाचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, तो इथूनच पाठवतो, त्याचे चालतात. एका घरातली दोन माणसं!

डेक्कनवासी
सगळे पैशांवरच का अडलात? रँग्लर परांजपे फर्ग्युसनचेच विद्यार्थी. १८९९ ला केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणितात पहिले, झाले, कुठेही गेले असते. परत आले, आजीव सदस्य झाले, दोन दशकं प्राचार्य राहिले. उद्योगातल्या अनुभवी माणसांना कॉलेजात शिकवता यावं म्हणून यूजीसीनं २०२२ पासून प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिसची सोय केली आहे. निवृत्तीनंतर मी शनिवारी कॉलेजात शिकवतो, एक पैसा घेत नाही. मुलं खूश आहेत.

तासिकावाला
तुमचा शनिवार म्हणजे माझे तास, साहेब! तुम्हाला पेन्शन आहे, मला घरभाडं आहे. फुकट शिकवणारा मिळाला की संस्था मला कशाला बोलावेल? आणि परांजप्यांचा दाखला देऊ नका. ते आयुष्य देऊन आले होते, कमी पगारावर, पण पूर्णवेळ.

डेक्कनवासी
कोणाच्या पोटावर पाय द्यायचा माझा हेतू नव्हता. तुमचे तास कापले जात असतील तर मी थांबेन. पण मुलांना उद्योगातलं कोण सांगणार, तेही बोला.

नोंदणीकृत पदवीधर
इतकी चर्चा झाली, पण अधिसभेचं, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटचं, नाव कुणीच घेतलं नाही! २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं माजी विद्यार्थ्यांना तिथे १० जागा दिल्यात, त्यातल्या ५ राखीव. अर्थसंकल्प अधिसभेपुढे येतो. मुंबई विद्यापीठाची ८०० हून जास्त कॉलेजं, पदवीधर लाखोंनी, आणि २०२४ च्या निवडणुकीला मतदार १३ हजारांच्या आसपास! मतदार म्हणून नोंदणी करत नाही आणि हिशेब मागता?

खान्देशकन्या
अधिसभा विद्यापीठाची. माझे पैसे खाल्ले संस्थेच्या ट्रस्टनं. तिथे अधिसभा सदस्य काय करणार?

नोंदणीकृत पदवीधर
संलग्नता विद्यापीठच देतं ना? लॅब नाही, शिक्षक नाहीत, तरी दरवर्षी संलग्नता कशी मिळते हा प्रश्न अधिसभेतच विचारायचा असतो. तो विचारणारा माणूस तुम्ही निवडलाच नाहीत.

माटुंगेकर
निवडणार कोणाला? २०२४ ला दहाच्या दहा जागा युवासेनेच्या. त्याआधी निवडणूक ऐनवेळी स्थगित, मग कोर्टकचेऱ्या. आमच्या सोसायटीत पक्षाचा कार्यकर्ता फॉर्म घेऊन फिरत होता, पदवी प्रमाणपत्राची झेरॉक्स त्याच्याकडे द्या म्हणे. मी दिली नाही.

नोंदणीकृत पदवीधर
मग त्यांचेच निवडून येणार! त्यांनी दारोदार फिरून नोंदणी केली, तुम्ही दार लावलंत. पक्ष नको असतील तर आपली माणसं नोंदवा. एका बॅचचे शंभर जण नोंदले तरी १३ हजारांत त्यांचं वजन पडतं.

न्यूजर्सीकर
मला मत आहे का?

नोंदणीकृत पदवीधर
तुमच्या भावाला विचारा, नोंदणी तरी केलीय का त्यानं.

खान्देशकन्या
बरं. शंभर जण नोंदवण्याचं मान्य, पुढची नोंदणी सुरू झाली की ग्रुपवर फॉर्म टाकते. पण लॅबचे पैसे यापुढे संस्थेच्या खात्यात जाणार नाहीत. वस्तू आम्ही विकत घेऊ, विभागप्रमुखांच्या सहीनं डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे कॉलेजच्या वस्तूंच्या नोंदवहीत, चढवू आणि त्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकू. आणि अधिसभेला मत देईन ते तासिकेवर शिकवणाऱ्यालाच. तासिकावाले, तुम्हीच उभे राहा.

तासिकावाला
तुमच्या शंभर मतांबद्दल आभार. पण उभा राहिलो तर जूनमध्ये मला तास देणार कोण? मुलाखतीला समोर संस्थेचेच लोक बसतात.

नोंदणीकृत पदवीधर
मग निदान दुसऱ्याच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून तरी सही करा.

तासिकावाला
सही तरी वेगळी काय? नाव दिसतंच.