अनुभव धागा : ग्रँड कॅन्यन उतरण्याआधीची तयारी

मुक्काम फिनिक्स

मे-जून आला की साउथ रिमवरून, म्हणजे दरीच्या दक्षिण कडेवरून, खाली उतरायचे बेत शिजू लागतात. 'सह्याद्रीत इतके गड केलेत, हे काय!' हे वाक्यही त्यासोबत ठरलेलं. ज्यांना या वाटा नीट माहीत आहेत त्यांनी इथे नेमकं लिहावं: काय, किती, केव्हा आणि कुठे फसतं. फोटो नकोत, प्रवासवर्णन नको.

सुरुवात मी करतो. गडावर आधी चढ असतो. दमलात की मागे फिरा, पुढे उतारच. इथे मागे फिरलं की चढ सुरू, तोही वाढत्या उन्हात. ब्राइट एंजलची वाट 6,860 फुटांवर सुरू होते आणि दरीच्या तळाचा मुक्काम, फँटम रँच, 2,500 फुटांच्या आसपास आहे. कोरड्या हवेत हजार फूट उतरलं की पारा साधारण साडेपाच अंश फॅरनहाइटने चढतो. म्हणजे वर 85 असेल तर तळाशी 110च्या घरात.

म्हणून वेळापत्रक शेवटाकडून मांडा. उन्हाळ्यात 10 ते 4 या वेळात चढ नको, आणि चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ. पहाटे 5ला निघून साडेसहाला याच वाटेवरचं थ्री माइल रेस्टहाउस गाठलंत, तर वर यायला साडेनऊ-दहा. इथेच दिवसाचं गणित संपतं. आणखी खाली, हवासुपाई गार्डन्सला (2022पर्यंत इंडियन गार्डन) जायचंच असेल तर दुपार तिथल्या झाडांखाली काढायची आणि 4नंतर निघायचं, सोबत हेडलॅम्प. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका, असं पार्कवालेच बजावतात.

उतारकरू

वाट कोणती, हे आधी ठरवा. साउथ कायबाबवर थेंबभर पाणी नाही आणि सावली जवळपास शून्य, पण देखावे तिथलेच भारी, म्हणून गर्दी तिकडे. अर्ध्या दिवसासाठी सीडर रिज पुरे: दीड मैल, 1,100 फुटांच्या आसपास उतार, तिथे शौचालय आहे. स्केलेटन पॉइंट 3 मैलांवर. उन्हाळ्यात तिथवर जाण्यात शहाणपण नाही. या वाटेच्या तोंडाशी खाजगी गाडी नेता येत नाही, शटल बस धरावी लागते. पहिल्या बसची वेळ आदल्या रात्रीच बघून ठेवा.

ब्राइट एंजलवर नळ आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. पाणी येतं ती पाइपलाइन 1970च्या सुमाराची, वारंवार फुटते. शिवाय वरच्या दोन रेस्टहाउसचे नळ थंडीत बंद. निघायच्या दिवशी सकाळी चालू-बंदची माहिती बघा आणि तरीही पुढच्या नळापर्यंतचं नाही, परतीपर्यंतचं पाणी पाठीवर घ्या.

खारे शेंगदाणे

पाण्यावर सगळे बोलतात, मिठावर कुणी बोलत नाही. उन्हात चढताना तासाला अर्धा ते एक लिटर लागतं. या हवेत घाम दिसतच नाही, अंगावर यायच्या आत उडतो. टोपीच्या कडेला आणि पाठपिशवीच्या पट्ट्याखाली पांढरे पट्टे उमटतात तेवढेच. 'घाम नाही, म्हणजे ठीक आहे' असं समजून माणूस पीत नाही. याच्या उलट टोक म्हणजे घाबरून नुसतं साधं पाणी ढोसत राहणं. मग रक्तातलं सोडियम उतरतं: मळमळ, डोकेदुखी, सारखी स्वच्छ लघवी आणि पुढे बरळणं. याला हायपोनेट्रेमिया म्हणतात आणि त्याने जीव जातो.

उपाय आपल्या फडताळातच आहे. प्रत्येक थांब्यावर मूठभर खारं: खारे शेंगदाणे, चिवडा, भाकरवडी. गोडात चिक्की चालते, चॉकलेट वितळून पिशवीभर होतं. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापातच मिसळा, 'थोडं कडक' करू नका. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, पोह्याचा नव्हे. तहान नसताना ढकलायचं नाही, तहान लागल्यावर टाळायचं नाही.

नळीच्या पाणपिशवीची खोड अशी की किती उरलंय ते कळत नाही. रिकामी झाली की थेट हवा येते. एक लिटरची बाटली वेगळी, भरलेली आणि न उघडलेली ठेवा.

डबल_सॉक्स

घरी निघतानाच पायांची नखं कापा. उतारावर बोटं बुटाच्या नाकावर आपटत राहतात आणि नख काळं पडतं. बूट अर्धा नंबर मोठे, आधी वापरून मऊ झालेले. काठ्या उतरताना थोड्या लांब करायच्या, चढताना आखूड.

कपड्यांबाबत माझं मत बहुतेकांच्या उलट: उन्हाळ्यात इथे सैल, पूर्ण बाह्यांचा सुती शर्टच बरा. नळाखाली भिजवून घाला, वाळला की पुन्हा भिजवा. हाच शर्ट डिसेंबरात जीवावर बेतेल. तेव्हा वरच्या टप्प्यात बर्फ घट्ट असतो, बुटाला मायक्रोस्पाइक्स (वरून चढवायचे छोटे खिळे) लागतात.

उतारकरू

सुती शर्टाला अनुमोदन. पण जीन्स नको, भिजली की मांड्या सोलतात.

पांढरी पेटी

लक्षणं ओळखा. गरगरणं, गोळे येणं, गार-ओलसर त्वचा: सावलीत बसवा, खारं आणि पाणी द्या, डोकं-मान भिजवा, अर्धा-एक तास हलू नका. माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला, भांडू लागला तर तो उष्माघात समजा. पाणी पाजत बसू नका, ठसका लागेल. सगळ्या अंगावर पाणी ओता, टोपीने वारा घाला आणि 911ला कळवा. फोनला रेंज बहुतेक ठिकाणी नसते, म्हणून गटात एक तरी सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहामार्फत निरोप पाठवणारं यंत्र) हवा.

भारतातून आलेले आईबाबा सोबत असतील आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, तर आधी डॉक्टरांना विचारा. रिमवरची सपाट वाटही सुंदर आहे.

क्युसेक

उटामधलं झायन उद्यान किंवा अॅरिझोनातल्या पेज गावाकडच्या अरुंद घळी जोडीला असतील तर धोका पुराचा, जुलै ते सप्टेंबर जास्तच. डोक्यावर निळं आभाळ पुरेसं नाही. 12 ऑगस्ट 1997ला पेजजवळच्या लोअर अँटिलोप घळीत 11 पर्यटक गेले, पाऊस कित्येक मैल दूर पडला होता. पूर्ण पाणलोटाचा अंदाज बघा. झायनमधली नॅरोज ही नदीतून चालायची घळ, प्रवाह 150 क्युसेकच्या वर गेला की बंद करतात. पाणी अचानक गढूळ झालं किंवा काड्या-पाचोळा वाहत आला, की सामान सोडून उंच जागा गाठा. परत तोंडाकडे धावत सुटू नका. नॅरोजचं पाणी गाळूनही पिऊ नका. त्यात विषारी सायनोबॅक्टेरिया सापडले आहेत आणि साधा फिल्टर त्यांचं विष अडवत नाही.

आणखी एक गोम: अॅरिझोना घड्याळ पुढे करत नाही, पण त्यातलाच नवाहो नेशन हा मूलनिवासींचा स्वायत्त भाग करतो. त्या भागात फोन आपोआप तासभर पुढे-मागे उडतो. टूरची वेळ कुठल्या घड्याळाची, ते विचारून घ्या.

नवा_भिडू

कोलोराडो नदीचं पाणी गाळता येतं का? आणि वाटेत माणसं-सामान वाहणारी खेचरं समोर आली तर?

खारे शेंगदाणे

थेट गाळलंत तर गाळाने फिल्टर बसतो. भांड्यात घेऊन तुरटी फिरवा, निवळू द्या, वरचं गाळा. इथले राफ्टिंगवालेही तुरटीच वापरतात. खेचरं दिसली की दरीकडे नाही, डोंगराकडच्या बाजूला उभं राहा, गप्प, आणि हाकणारा सांगेल तसं करा. शेवटचं खेचर 50 फूट पुढे गेलं की वाटेवर या.

उतारकरू

आणि खारींना चिवडा दाखवू नका. त्या बोटासकट घेतात.